कथा मराठीत, पत्ता परराज्यात : सीमाभाग आणि बृहन्महाराष्ट्रातील नवलेखकांसाठी कुठे काय आहे?

बेळगाव : डिसेंबर सरत आला की बेळगाव तालुक्यात साहित्य संमेलनांचे मांडव पडू लागतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांत सकाळी ग्रंथदिंडी निघते, मग अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन. त्या शेवटच्या सत्रात एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर टाइप केलेली कविता वाचते. टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळतं, फोटो स्टेटसला लागतो. आणि तिथून पुढं काय, हे कोणी सांगत नाही.

हाच अनुभव म्हापशाचा, इंदूरचा, बडोद्याचा आणि हैदराबादचाही. लिहिणारी मुलं आहेत. पण कुठे पाठवायचं, कोणत्या योजनेत आपण बसतो, कुणाला पैसे द्यायचे आणि कुणाला नाही, ही माहिती एका ठिकाणी मिळत नाही. ती एकत्र देण्याचा हा प्रयत्न.

आधी ओळखा : भाषा विचारणारं दार की पत्ता विचारणारं?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकाची अडचण दुहेरी आहे. महाराष्ट्र सरकारच्या काही योजना रहिवासी दाखला मागतात आणि तो त्याच्याकडे नसतो. दुसरीकडे स्वतःच्या राज्याच्या साहित्य संस्था प्रामुख्याने त्या राज्याच्या भाषांसाठी असतात. कर्नाटकात कन्नडखेरीज तुळू, कोकणी, कोडव, ब्यारी या भाषांच्या सरकारी अकादम्या आहेत. मराठीसाठी तशी स्वतंत्र अकादमी नाही.

त्यामुळे ‘आपल्यासाठी काहीच नाही’ असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा. मराठी लेखनाला उपलब्ध असलेल्या अनेक मोठ्या संधी पत्ता विचारतच नाहीत, फक्त भाषा विचारतात. साहित्य अकादमी, नॅशनल बुक ट्रस्ट, मासिके, साप्ताहिके, दिवाळी अंक, प्रकाशक, सगळे याच गटात मोडतात. म्हणून कोणतीही जाहिरात हातात आली की आधी हा एक मुद्दा तपासावा. निम्मा वेळ वाचतो.

याचे दाखलेही जवळचेच आहेत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला शिकवत होते आणि त्यांच्या कथा मुंबईच्या ‘सत्यकथा’त छापून येत होत्या. ‘निळासावळा’ हा त्यांचा पहिला संग्रह 1959 मध्ये आला, 1973 मध्ये ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. इंदिरा संत बेळगावच्या. ‘गर्भरेशीम’साठी त्यांना 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या दोघांना पुण्या-मुंबईत घर करावं लागलं नाही.

पहिली पायरी : गावचं संमेलन

सीमाभागातल्या गावोगावच्या संमेलनांना कमी लेखू नये. खानापूर भागातलं ‘गुंफण’, निपाणीकडचं कारदग्याचं संमेलन आणि बेळगाव तालुक्यातली संमेलने ही लोकवर्गणीवर, गावच्या मंडळींच्या मेहनतीवर चालतात. इथे कविसंमेलनात नाव देणं तुलनेनं सोपं असतं. महिनाभर आधी आयोजक मंडळाशी संपर्क साधावा, दोन कविता लिहून द्याव्यात, वेळेची मर्यादा पाळावी. एवढं पुरतं.

पण या संमेलनाचा खरा उपयोग वाचनापेक्षा ओळखीत आहे. पाहुणे म्हणून आलेल्या कथाकारांत, कवींत कोणी मासिकाचं संपादन करत असतं, कोणी प्रकाशकाकडे हस्तलिखितं वाचत असतं. जेवणाच्या पंगतीत ‘तुमच्याकडे नवीन कथा कशा पाठवतात?’ एवढं विचारलं तरी काम होतं. लगेच वही पुढे करू नये, पत्ता मागून घ्यावा.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही परराज्यात वारंवार भरलेलं आहे. बेळगावात ते 1929, 1946 आणि 2000 मध्ये झालं. इंदूरला 2001 मध्ये, बडोद्याला 2018 मध्ये आणि दिल्लीत 2025 मध्ये भरलं. या संमेलनातला ‘कविकट्टा’ नव्या कवींसाठी असतो. त्यासाठी कविता आधी मागवल्या जातात आणि त्यांतून निवड होते. संमेलनाची तारीख जाहीर झाली की कविकट्ट्याचं आवाहन कधी येतं यावर लक्ष ठेवावं. मांडवात जाऊन ऐन वेळी नाव घुसवता येत नाही.

आपल्या शहरातल्या संस्था

हैदराबादेत मराठी साहित्य परिषद आहे. तिचं ‘पंचधारा’ हे त्रैमासिक तेलंगण आणि आसपासच्या मराठी लेखकांचं हक्काचं पान आहे. उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवलं जातं.

इंदूरला महाराष्ट्र साहित्य सभा आहे, तिचा शारदोत्सव दरवर्षी होतो. तिथून ‘श्री सर्वोत्तम’ हे मासिक निघतं. मध्य प्रदेश सरकारच्या संस्कृती खात्याखाली भोपाळला मराठी साहित्य अकादमी आहे, म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैनच्या मुलांना स्वतःच्या राज्यातच एक सरकारी दार आहे. हे अनेकांना माहीतच नसतं. ग्वाल्हेरने तर मराठीला भा. रा. तांबे यांच्यासारखा राजकवी दिला.

बडोद्याला मराठी वाङ्मय परिषद आहे आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे.

गोव्यात परिस्थिती सर्वांत बरी. गोमंतक मराठी अकादमी आणि गोवा मराठी अकादमी या दोन संस्था आहेत. सरकारच्या कला व संस्कृती संचालनालयाकडून तरुण कलाकारांना युवा सृजन पुरस्कार दिला जातो, त्यात साहित्यही येतं. नाटक लिहिणाऱ्यांसाठी कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा आहे. गोव्यातल्या मुलांपुढे आणखी एक पर्याय असतो. कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांना साहित्य अकादमीचे स्वतंत्र पुरस्कार असल्याने ज्या भाषेत पुस्तक, त्या भाषेत त्याचा विचार होतो.

बेळगावात 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे. स्पर्धा आणि व्याख्यानमाला यांची माहिती वाचनालयाच्या फळ्यावर जितकी मिळते तितकी व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळत नाही.

कॉलेजचा वार्षिक अंक आणि आकाशवाणी

बहुतेक लेखकांचं पहिलं छापील नाव कॉलेजच्या वार्षिक अंकात येतं. त्याला हसू नये. मराठी विभागाच्या प्राध्यापकांना कथा दाखवली, त्यांनी दोन ठिकाणी खुणा केल्या, पुन्हा लिहिली, हा फुकटातला सगळ्यात चांगला वर्ग आहे. बेळगावच्या कित्येक कॉलेजांत मराठी विभागात विद्यार्थी कमी झालेत. अंकात मराठी पानं टिकवायची तर मजकूर द्यायला मुलं पुढं यायला हवीत, ही दुसरी बाजू.

आकाशवाणीचा ‘युववाणी’ हा तरुणांसाठीचा कार्यक्रम. कविता, कथा, भाषण यांना तिथे जागा असते आणि मानधनही मिळतं. सीमाभागातल्या मुलांना पणजी, सांगली, कोल्हापूर ही मराठी कार्यक्रम करणारी केंद्रे जवळ आहेत. केंद्राच्या कार्यक्रम विभागाला पत्र लिहून, लेखनाचा एक नमुना जोडून विचारणा करता येते.

एकांकिका लिहिणाऱ्यांसाठी पुण्याचा पुरुषोत्तम करंडक ही 1963 पासूनची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सर्वांना माहीत आहे. कोणत्याही एकांकिका स्पर्धेत उतरण्यापूर्वी कॉलेज त्या केंद्राच्या हद्दीत बसतं का हे प्रवेशिकेत पाहावं. आपलं कॉलेज बसत नसेल तर संहिता पुण्या-कोल्हापूरच्या कॉलेजच्या संघाला देण्याचा मार्ग असतो. त्या वेळी लेखक म्हणून नाव लागेल, हे लेखी घ्यावं.

मासिके आणि दिवाळी अंक

मराठीत दिवाळी अंकाची परंपरा 1909 च्या ‘मनोरंजन’पासूनची. आज शेकडो अंक निघतात आणि त्यांतले बरेच नव्या नावांना जागा देतात. ‘साधना’ हे साने गुरुजींनी 1948 मध्ये सुरू केलेलं साप्ताहिक. त्याचे बालकुमार आणि युवा दिवाळी अंक वेगळे निघतात. शाळकरी मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे, 1971 पासून चालू. कवितेसाठी धुळ्याचं ‘कविता-रती’ नावाजलेलं. ‘मुक्त शब्द’, ‘परिवर्तनाचा वाटसरू’ या नियतकालिकांचा सूर वेगळा. सीमाभाग आणि गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्या व दिवाळी अंक तर घरचेच.

पाठवण्याआधी त्या अंकाचे निदान दोन जुने अंक वाचावेत. ग्रामीण कथा छापणाऱ्याकडे विज्ञानकथा पाठवून निराश होण्यात अर्थ नाही. काही नियम सगळीकडे सारखे आहेत :

– दिवाळी अंकाचा मजकूर दिवाळीत नव्हे, उन्हाळ्यात लागतो. जून ते ऑगस्टमध्ये बहुतेक अंक भरलेले असतात. कथा मे महिन्यापर्यंत तयार हवी.

– एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी. तीन महिने थांबावं. उत्तर आलं नाही तर एक आठवण करावी आणि मग कळवून दुसरीकडे पाठवावी.

– फेसबुकवर किंवा ग्रुपवर टाकलेली कविता अनेक संपादक ‘पूर्वप्रकाशित’ धरतात. चांगली कविता आधी मासिकाला, नंतर स्टेटसला.

– मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये करून घेतलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही पाठवाव्यात.

– सोबत चार ओळींचं पत्र पुरे. नाव, गाव, काय करता, कथा कितीशे शब्दांची, आधी कुठे छापली नाही. ‘माझ्या कवितेला सर्वांनी दाद दिली’ हे लिहू नये.

‘साभार परत’ आलं म्हणजे लेखन वाईट, असं नव्हे. अंक भरलेला असतो, तोच विषय आधी आलेला असतो. पण तीच कथा चार ठिकाणांहून परत आली तर ती पुन्हा उघडून बसावं.

बोली पुसून टाकू नका

सीमाभागातल्या मुलांचा एक न्यूनगंड असतो. आपली मराठी कानडी वळणाची, पुस्तकी मराठीसारखी नाही, असं त्यांना वाटतं. मग ती कथेतल्या आजीला पुण्याच्या आजीसारखं बोलायला लावतात आणि कथा तिथेच मरते.

जत तालुका सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. तिथल्या नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला 2018 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. ती त्या मुलखाच्या बोलीतच आहे. वीरा राठोड यांच्या ‘सेनं सायी वेस’ या कवितासंग्रहाला 2015 मध्ये हाच पुरस्कार मिळाला, त्यात बंजारा बोलीचा वावर आहे. तुळजापूरला शिवणकाम करणारे देवीदास सौदागर यांना 2024 चा युवा पुरस्कार ‘उसवण’साठी मिळाला, त्या कादंबरीचा विषयच शिंप्याचं आयुष्य. तिघांनी आपल्या अंगणातलंच लिहिलं.

शुद्धलेखन मात्र वेगळी गोष्ट. पात्राने बोलीत बोलावं. निवेदनातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना बोली म्हणता येत नाही.

पुरस्कार आणि योजना : कोणत्या, कुणासाठी

*साहित्य अकादमी युवा पुरस्कार.* 2011 पासून. पुरस्काराच्या वर्षी 1 जानेवारीला लेखकाचं वय 35 किंवा त्याहून कमी हवं. रक्कम 50,000 रुपये आणि ताम्रफलक. मराठीसह 24 भाषांत दिला जातो. लेखक कुठल्या राज्यात राहतो याच्याशी संबंध नाही. पुस्तक प्रकाशित झालेलं लागतं. मराठी, कोकणी, गुजराती, सिंधी या भाषांचं काम अकादमीच्या मुंबईतल्या दादर येथील कार्यालयातून चालतं.

अकादमीचे ‘युवा साहिती’ आणि ‘ग्रामालोक’ हे कार्यक्रमही आहेत. पहिल्यात तरुण लेखक वाचन करतात, दुसरा खेड्यात घेतला जातो. गावचं वाचनालय किंवा कॉलेज यांनी अकादमीशी पत्रव्यवहार केला तर असा कार्यक्रम आपल्या भागात मागता येतो. तरुण लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी अकादमीची ‘नवोदय’ ही प्रकाशन योजनाही आहे.

*पीएम युवा योजना.* नॅशनल बुक ट्रस्ट राबवतं. 2021 मध्ये पहिला टप्पा आला, 2022 मध्ये दुसरा, मार्च 2025 मध्ये तिसरा. वयोमर्यादा 30. निवड झालेल्यांना सहा महिने दरमहा 50,000 रुपये, म्हणजे एकूण 3 लाख रुपयांची शिष्यवृत्ती आणि पुस्तकावर 10 टक्के मानधन. तिसऱ्या टप्प्यात 50 लेखक निवडायचे होते आणि 10,000 शब्दांचा प्रस्ताव मागवला होता. लक्षात ठेवायचं ते हे की ही योजना कथा-कवितेसाठी नाही. ठरवून दिलेल्या विषयावरचं माहितीपर पुस्तक हवं असतं. 10,000 शब्द आठवड्यात होत नाहीत, त्यामुळे आपल्या भागातल्या एखाद्या विषयावर टिपणं आधीपासून काढून ठेवणाऱ्यालाच पुढच्या टप्प्यात संधी.

*महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना.* ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी. हस्तलिखित मंडळाकडे जातं, तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. मंडळ नवलेखकांच्या कार्यशाळांनाही मदत करतं. परराज्यातल्या लेखकाने त्या वर्षीच्या जाहिरातीतली रहिवासाची अट सर्वांत आधी वाचावी.

*महाराष्ट्र शासनाचे स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार.* यात पहिल्या पुस्तकासाठी ‘प्रथम प्रकाशन’ हा वेगळा गट आहे. कवितेसाठी बहिणाबाई चौधरी, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ, नाटक-एकांकिकेसाठी विजय तेंडुलकर यांच्या नावाने पुरस्कार आहेत. याच यादीत सरफोजीराजे भोसले बृहन्महाराष्ट्र पुरस्कार आहे, तो महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखनासाठी. म्हणजे सरकारी यादीतही बाहेरच्या पत्त्यासाठी एक दार ठेवलेलं आहे. प्रवेशिका साधारण वर्षाच्या सुरुवातीला, आदल्या वर्षी निघालेल्या पुस्तकांसाठी मागवल्या जातात. पुस्तक डिसेंबरात घाईनं काढलं की जेमतेम महिनाभर हातात राहतो, हा हिशेब प्रकाशनाची तारीख ठरवतानाच करावा.

दोन भाषा येणं हे भांडवल

बेळगावच्या मुलाला कानडी येतं, बडोद्याच्या मुलीला गुजराती, इंदूरला हिंदी, हैदराबादला तेलुगू. पुण्यातल्या लेखकाकडे हे सहसा नसतं. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हा पुरस्कारही 50,000 रुपयांचा आहे.

सुरुवात एका कथेपासून करावी. मूळ लेखकाची किंवा त्याच्या वारसाची लेखी परवानगी घ्यावी. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतात, त्यामुळे ‘जुनी कथा आहे, कोण विचारतंय’ हे चालत नाही. अनुवादित कथा छापणारे अंक आहेत आणि चांगल्या अनुवादकाच्या शोधात प्रकाशक कायम असतात.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

नव्या लेखकांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हा भाग नीट वाचावा.

‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहात आपल्या दोन कविता निवडल्या गेल्या आहेत, सहभाग शुल्क अमुक, सोबत सन्मानचिन्ह व प्रमाणपत्र’ असे निरोप फिरत असतात. बहुतेक वेळा ‘निवड’ झालेली नसते, शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कविता त्यात येते. तो संग्रह दुकानात जात नाही, तो कवींच्या घरीच जातो. राज्यस्तरीय, राष्ट्रीय अशा भारदस्त नावांच्या काही पुरस्कारांचंही तसंच. प्रवेश फी, मग ‘समारंभ खर्च’, मग स्मृतिचिन्हाचे पैसे. वर उल्लेख केलेल्या साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्टच्या योजनांत लेखकाला पैसे मिळतात, त्याच्याकडून घेतले जात नाहीत. ही साधी कसोटी लावावी.

दुसरा प्रकार स्वखर्चाच्या पुस्तकाचा. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं गुन्हा नाही. पण हिशेब मांडून काढावं. समजा 300 प्रतींचे 40,000 रुपये भरले. एक प्रत साधारण 133 रुपयांना पडली. छापील किंमत 200 रुपये आणि विक्रेत्याचं कमिशन 40 टक्के धरलं तर लेखकाच्या हातात प्रतीमागे 120 रुपये येतात. म्हणजे सगळ्या प्रती विकल्या गेल्या तरी प्रतीमागे 13 रुपये तोटा, एकूण सुमारे 4,000. आणि सगळ्या प्रती विकल्या जात नाहीत. नातेवाइकांना फुकट वाटल्या जातात, उरलेल्या माळ्यावर जातात. घरच्यांनी कर्ज काढून किंवा दागिना मोडून पहिलं पुस्तक काढू नये.

याउलट प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने तेवढ्याच प्रती काढल्या आणि 10 टक्के मानधन दिलं तर 200 रुपयांच्या 300 प्रतींवर लेखकाला 6,000 रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण ती मिळते, खिशातून जात नाही.

‘आयएसबीएन काढायला इतके हजार’ हेही ऐकू येतं. आपल्या देशात हा 13 अंकी क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन राय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. अर्ज भरून देण्याची मजुरी कोणी मागितली तर ती मजुरी म्हणून द्यावी, क्रमांकाची किंमत म्हणून नव्हे.

करारावर सही करण्याआधी

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. लेखन पूर्ण झालं की त्याचा पहिला मालक लेखक. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तेव्हा ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं कलम दिसलं तर थांबावं.

पाहायच्या चार गोष्टी : किती प्रती, किती टक्के मानधन आणि ते कधी, हक्क किती वर्षांसाठी, आणि ई-बुक, ऑडिओ, चित्रपट, अनुवाद यांचे हक्क कुणाकडे. वय 18 च्या आत असेल तर आई-वडिलांपैकी कोणीतरी कागद पाहिल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण अज्ञान व्यक्तीचा करार कायद्याने टिकत नाही.

स्पर्धेच्या नियमांतही एक ओळ असते, ‘आलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ बक्षीस मिळो न मिळो, कथा गेली. अशा स्पर्धेला आपली सर्वांत चांगली कथा पाठवू नये.

वर्षाचं वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारी : गावोगावची संमेलनं, राज्य वाङ्मय पुरस्कारांच्या प्रवेशिका. 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या सुमारास स्पर्धा भरपूर असतात.

मार्च ते मे : परीक्षा संपली की दिवाळी अंकासाठीची कथा पूर्ण करणं.

जून ते ऑगस्ट : दिवाळी अंकांना मजकूर पाठवणं, एकांकिका स्पर्धांच्या संहिता.

सप्टेंबर-ऑक्टोबर : कॉलेजच्या अंकाला मजकूर, आकाशवाणीशी पत्रव्यवहार.

नोव्हेंबर-डिसेंबर : आलेले दिवाळी अंक वाचून काढणं, कोण काय छापतं याची नोंद, संमेलनाच्या आयोजकांकडे नाव देणं.

साहित्य अकादमी, नॅशनल बुक ट्रस्ट आणि राज्य मंडळाच्या जाहिरातींना ठरावीक तारीख नसते. महिन्यातून एकदा त्यांची संकेतस्थळं उघडून पाहावीत.

पहिलं काम आजचं

या सगळ्यासाठी लागणारं सामान फार नाही. एक वही, ज्यात कथा कुठे, कोणत्या तारखेला पाठवली आणि काय उत्तर आलं हे लिहिलेलं असेल. एक ई-मेल, ज्याचा पासवर्ड स्वतःला आठवतो. आणि महिन्यातून एकदा जमणारे चार मित्र, जे कविता ऐकून नुसती ‘वा’ म्हणणार नाहीत. सीमाभागातल्या बऱ्याच गावांत वाचनालयाची एक खोली संध्याकाळी रिकामी असते. ती मागितली तर मिळते.

यंदा कडोलीत किंवा येळ्ळुरात कविता वाचणाऱ्याने मांडवातून बाहेर पडताना ती कविता त्याच आठवड्यात एका मासिकाला पाठवावी. पाकिटावर गाव कर्नाटकातलं आहे की मध्य प्रदेशातलं, हे संपादक पाहत नाही. तो पहिली ओळ वाचतो.